कामांची यादी थेट डेस्कटॉपवर: विंडोजवर कशी लावायची, सगळं सविस्तर

आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर कॅलेंडर असतं आणि त्याच्या चौकोनांत आई सगळं लिहून ठेवते, दुधाचा खाडा, गॅस कधी लावला, इस्त्रीला किती कपडे गेले, कुणाची मुंज कधी आहे. ते कॅलेंडर मुद्दाम उघडून कुणी बघत नाही, जाता-येता डोळ्यांसमोर येतं आणि म्हणूनच त्यातलं काही राहत नाही. माझ्या कामांच्या मात्र याद्या तीन होत्या, एक फोनच्या अ‍ॅपमधे, एक डायरीत, एक स्वतःलाच पाठवलेल्या मेलमधे, आणि तिन्ही उघडल्याशिवाय दिसत नव्हत्या.

मी इंदूरला अकाउंट्स आणि टॅक्सचं काम करते, सियागंज, मल्हारगंज आणि क्लॉथ मार्केटमधल्या छोट्या व्यापाऱ्यांचं. ह्या कामात महिना तारखांवरच चालतो: ७ ला टीडीएस (पैसे देतानाच कापून ठेवलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील देणारं जीएसटी रिटर्न), २० ला ३बी (म्हणजे जीएसटीआर-३बी, ज्याच्याबरोबर कर भरतात ते रिटर्न), तिमाही रिटर्नवाल्यांचं जीएसटीआर-१ १३ ला आणि आपल्या मध्य प्रदेशासाठी ३बी २२ ला. एका जुलैत एका व्यापाऱ्याचं ३बी माझ्याकडून राहिलं, चार दिवस उशीर झाला. दिवसाला ५० रुपये म्हणजे २०० रुपये लेट फी, वर १८ टक्के दराने चार दिवसांचं व्याज. रक्कम लहान होती, ती मी माझ्याकडून भरली, पण त्या माणसाने विश्वासाने काम सोपवलं होतं आणि मला खूप लागलं. काम यादीत लिहिलेलं होतं हो! फक्त ती यादी त्या दिवशी मी उघडलीच नव्हती.

तेव्हापासून यादी डेस्कटॉपच्या बॅकग्राउंडवरच असते. लॅपटॉप उघडला की समोर, फाइल्स बंद केल्या की समोर. हे करायचे तीन रस्ते आहेत, सगळे फुकटचे, मी तिन्ही वापरून पाहिलेत आणि कुठला कुणाला चालेल ते लिहिते.

आधी स्क्रीन मोजून घ्या

डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, त्यात खाली डिस्प्ले रिझोल्यूशन. तिथे १९२० बाय १०८० किंवा जुना लॅपटॉप असेल तर १३६६ बाय ७६८ असा आकडा दिसेल, तो कागदावर लिहून ठेवा. चित्र ह्याच मापाचं केलं तर अक्षरं स्वच्छ दिसतात, नाहीतर विंडोज चित्र ताणून बसवतं आणि कडा पुसट होतात. फोटोत ते लक्षात येत नाही, अक्षरांत लगेच येतं.

दुसरं म्हणजे जागा ठरवा. विंडोजमधे आयकॉन डावीकडून, वरून खाली लागत जातात आणि टास्कबार बहुतेकांचा खाली असतो, म्हणून यादी उजवीकडे वरती ठेवायची. डावीकडे ठेवली तर आठवडाभरात कुठलीतरी एक्सेल फाइल "२० ला ३बी"च्या डोक्यावर येऊन बसते.

पहिला रस्ता: स्लाइड बनवून चित्र लावायचं

ज्यांची यादी आठवड्यातून एकदाच बदलते त्यांना हा पुरे. पॉवरपॉइंट उघडा, डिझाइन टॅबमधे स्लाइड साइझ, त्यात कस्टम, आणि रुंदी २० इंच, उंची ११.२५ इंच टाका. हे माप का, तर पॉवरपॉइंट चित्र काढताना साधारणपणे इंचाला ९६ पिक्सेल धरतं, २० गुणिले ९६ म्हणजे १९२०, आणि ११.२५ गुणिले ९६ म्हणजे बरोबर १०८०. नेहमीची वाइडस्क्रीन स्लाइड १३.३३ इंचाची असते, तिचं चित्र १२८० बाय ७२०चंच निघतं आणि मग मोठ्या स्क्रीनवर अक्षरं फाटल्यासारखी दिसतात, बऱ्याच जणांचं इथेच अडतं. १३६६वाल्या स्क्रीनला १४.२३ बाय ८ इंच. पॉवरपॉइंट नसेल तर लिब्रेऑफिस इम्प्रेसही चालतं, त्यात पीएनजी एक्सपोर्ट करताना किती पिक्सेल हवेत ते सरळ विचारतं.

मग उजव्या बाजूला टेक्स्ट बॉक्स काढून यादी लिहा. मराठीसाठी निर्मला यूआय फॉन्ट घ्या, तो विंडोजमधे आधीपासूनच असतो आणि जोडाक्षरं त्यात नीट वाचता येतात. साइझ २४च्या खाली नेऊ नका.

मागे फोटो हवा असेल तर एक गोष्ट सांभाळा. मी आधी राजवाड्याचा फोटो लावला होता, संध्याकाळचा, दिवे लागलेला, खूप आवडता. पण त्याच्या सात मजल्यांच्या खिडक्या, सज्जे, लाकडाचं काम, ह्या सगळ्यावर पांढरी अक्षरं अशी हरवली की "टीडीएस" कुठे आणि खिडकी कुठे कळेना. फोटो बदलायची गरज पडली नाही. यादीच्या मागे एक आयत काढला, त्याला काळपट रंग दिला आणि फॉरमॅट शेपमधे ट्रान्सपरन्सी ३० टक्के केली. मागचा राजवाडा थोडा दिसतो आणि अक्षरं लांबूनही वाचता येतात.

आता फाइल, सेव्ह अ‍ॅज, प्रकार पीएनजी, आणि विचारल्यावर फक्त हीच स्लाइड असं सांगा. जेपीजी घेऊ नका, त्यात अक्षरांच्या कडेला धूसर ठिपके येतात. त्या चित्रावर राइट क्लिक करून सेट अ‍ॅज डेस्कटॉप बॅकग्राउंड. झालं.

एक अडचण मात्र सगळ्यांनाच येते. यादी बदलून त्याच नावाने चित्र परत सेव्ह केलं तरी डेस्कटॉपवर जुनीच यादी दिसत राहते, कारण विंडोज बॅकग्राउंड लावताना चित्राची स्वतःची वेगळी कॉपी करून ठेवतं आणि तीच दाखवतं. म्हणून दर वेळी राइट क्लिक करून परत सेट करावं लागतं. रोज बदलणाऱ्या यादीला हे झेपत नाही, मी स्वतः दुसऱ्या आठवड्यातच कंटाळले आणि पुढच्या रस्त्याला लागले.

दुसरा रस्ता: नोटपॅडची फाइल आणि बीजीइन्फो (मी हाच वापरते)

यादी एका साध्या टेक्स्ट फाइलमधे लिहायची आणि एका छोट्या प्रोग्रामने ती उचलून बॅकग्राउंडवर छापायची, इतकंच. प्रोग्रामचं नाव बीजीइन्फो. तो सिसइंटर्नल्सच्या टूल्सपैकी आहे, मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल ह्या दोघांनी १९९६ मधे सुरू केलेलं सिसइंटर्नल्स २००६ मधे मायक्रोसॉफ्टने घेतलं, त्यामुळे आता तो मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट मिळतो, तिथूनच घ्या. मुळात तो कॉम्प्युटर विभागातल्या लोकांसाठी आहे, मशीनचं नाव, मेमरी, नेटवर्कचा पत्ता असं सगळं बॅकग्राउंडवर लिहायला. पण त्यात एखाद्या फाइलमधला मजकूर दाखवायचीही सोय आहे आणि आपलं काम त्यावरच होतं. शिवाय तो चित्र लावून बंद होऊन जातो, मागे चालू राहत नाही, म्हणून जुन्या लॅपटॉपलाही जड पडत नाही.

सी ड्राइव्हमधे एक फोल्डर करा, नाव इंग्रजीत आणि मधे स्पेस नसलेलं, पुढे सोपं जातं. झिप उघडून बीजीइन्फो त्यात ठेवा, ६४ बिटचा वेगळा आहे तो घ्या. त्याच फोल्डरमधे नोटपॅडने यादीची फाइल करा. मराठीत लिहिणार असाल तर सेव्ह अ‍ॅज करताना खाली एन्कोडिंग लिहिलेलं असतं तिकडे लक्ष द्या, तिथे एएनएसआय असेल तर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. आधी एकच मराठी ओळ लिहून पूर्ण चाचणी करा, नीट उमटली नाही तर एन्कोडिंग यूटीएफ-१६ एलई करून बघा, आणि तरीही जमलं नाही तर सरळ रोमन अक्षरांत लिहा, आपण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितोच की.

आता बीजीइन्फो चालू करा. उघडल्या उघडल्या कोपऱ्यात दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते, तिच्यावर क्लिक करून ती थांबवा, नाहीतर तो आपल्या मनाने मशीनची सगळी माहिती डेस्कटॉपवर छापून मोकळा होतो. मधल्या मोठ्या चौकटीत बूट टाइम, सीपीयू वगैरे ओळी असतील, कंट्रोल ए करून सगळ्या डिलीट. मग कस्टम बटण, न्यू, आयडेंटिफायरमधे इंग्रजीत छोटंसं नाव (मी यादी असंच दिलंय, रोमनमधे), खालच्या पर्यायांत फाइलच्या कन्टेन्टवाला निवडा आणि ब्राउझ करून आपली टेक्स्ट फाइल दाखवा. ओके केल्यावर उजवीकडे फील्ड्सची लिस्ट आहे तिच्यात आपलं नाव आलेलं असेल, ते निवडून अ‍ॅड. आता चौकटीत त्या नावाची एकच ओळ दिसली पाहिजे. तिच्या पुढे तो स्वतःहून लेबल लावतो, ते खोडा, कोनी कंसातलं तेवढं ठेवा. मग ती ओळ सिलेक्ट करून फॉन्ट, साइझ, रंग द्या, जो रंग त्या ओळीला तोच पूर्ण यादीला लागतो.

पोझिशन बटणात नऊ खणांची चौकट आहे, उजवीकडे वरचा खण घ्या. टास्कबारची जागा सोडायची एक खूण तिथेच आहे, ती चालू ठेवा. ओळ किती इंच रुंद जाऊ द्यायची तेही तिथेच ठरतं, मी ५ ठेवलंय. बॅकग्राउंड बटणात दोन पर्याय येतात, आहे तोच वॉलपेपर ठेवा किंवा आपण देऊ तो. दुसरा घ्या आणि साधा गडद रंग किंवा तुमचं चित्र द्या. मी गडद राखाडीवर फिकट पिवळी अक्षरं ठेवलीत, दहा तास स्क्रीनसमोर बसायचं तर पांढरा उजेड डोळ्यांना टोचतो. प्रिव्ह्यू बघा, बरं वाटलं तर अ‍ॅप्लाय. शेवटी फाइल मेनूतून सेव्ह अ‍ॅज करून ही सगळी सेटिंग त्याच फोल्डरमधे ठेवा, ती बीजीआय प्रकारची फाइल होते.

यादी बदलली की एका झटक्यात ताजी

बीजीइन्फोचा डेस्कटॉपवर एक शॉर्टकट बनवा. त्याच्या प्रॉपर्टीजमधे टार्गेट म्हणून रकाना आहे, त्यात प्रोग्रामच्या पत्त्यानंतर एक स्पेस देऊन बीजीआय फाइलचा पूर्ण पत्ता लिहा. पुढे तीन सूचना, सगळ्या इंग्रजी अक्षरांत, प्रत्येकीच्या आधी एक स्पेस आणि एक तिरकी रेघ, उजवीकडे झुकलेली, भागाकाराच्या बाजूची. पहिली टी-आय-एम-ई-आर, लगेच कोलन आणि शून्य, म्हणजे ती दहा सेकंदांची मोजणी होत नाही. दुसरी एस-आय-एल-ई-एन-टी, म्हणजे चुकांच्या खिडक्या उघडत नाहीत. तिसरी एन-ओ-एल-आय-सी-पी-आर-ओ-एम-पी-टी, म्हणजे लायसन्स मान्य आहे का हे विचारत नाही.

त्याच खिडकीत शॉर्टकट की म्हणून रकाना आहे, त्यात क्लिक करून एखादं अक्षर दाबा, विंडोज आपोआप कंट्रोल ऑल्ट लावून घेतं. मी एल ठेवलंय. यादीच्या टेक्स्ट फाइलचाही असाच शॉर्टकट केलाय, त्याला एन. म्हणजे आता फोनवर कुणी काम सांगितलं की कंट्रोल ऑल्ट एन, ओळ लिहायची, कंट्रोल एस, मग कंट्रोल ऑल्ट एल, आणि फोन ठेवायच्या आत काम डेस्कटॉपवर. ह्या कीज चालायला शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असले पाहिजेत, दुसऱ्या फोल्डरमधे टाकले की चालत नाहीत.

आपोआपही करता येतं. स्टार्टमधे टास्क शेड्युलर शोधा, क्रिएट टास्क घ्या, बेसिकवालं नको. पहिल्या पानावर युझर लॉग ऑन असतानाच चालवा हा पर्याय तसाच राहू द्या, तो बदलला तर प्रोग्राम पडद्यामागे चालतो आणि तुमच्या डेस्कटॉपवर काहीच दिसत नाही. ट्रिगर्समधे दोन टाका, एक लॉग ऑनचा, त्यात दर एक तासाने परत चालवायचं आणि कालावधी इनडेफिनिटली, आणि दुसरा वर्कस्टेशन अनलॉकचा, जेवून आल्यावर पासवर्ड टाकला की ताजी यादी. अ‍ॅक्शनमधे बीजीइन्फो, आणि आर्ग्युमेंट्सच्या रकान्यात बीजीआयचा पत्ता आणि वरच्याच तीन सूचना. आणि लॅपटॉप असेल तर कंडिशन्समधे जाऊन चार्जर लावलेला असेल तरच चालवा ही खूण काढा, हे अगदी न विसरता, कारण आधीपासून ती लागलेली असते आणि लाइट गेली की यादी तिथेच अडकते.

सेटिंग्जमधल्या बॅकग्राउंडमधे स्लाइडशो किंवा स्पॉटलाइट चालू असेल तर ते पिक्चर करा, नाहीतर विंडोज थोड्या वेळाने आपलं चित्र लावून यादी पुसतं. ऑफिसचा लॅपटॉप असेल आणि बॅकग्राउंड बदलूच देत नसेल तर ते कंपनीने बंद केलेलं असतं, तिथे आयटीवाल्यांना विचारूनच काय ते करा.

दुकान आणि घर असे दोन कॉम्प्युटर असतील तर टेक्स्ट फाइल वनड्राइव्हच्या फोल्डरमधे ठेवा आणि दोन्हीकडे ती नेहमी ह्याच डिव्हाइसवर ठेवा असं करून घ्या, एकच यादी दोन्हीकडे उमटते.

बाकीचे

रेनमीटर हा तिसरा रस्ता, तोही फुकट. त्याने डेस्कटॉपवर छोट्या चौकटी लावता येतात, स्किन म्हणतात त्यांना, आणि कामांच्या यादीचे तयार स्किन मिळतात ज्यात क्लिक करून काम झालं अशी खूण करता येते. लावल्यावर स्किनवर राइट क्लिक, सेटिंग्ज, पोझिशन, ऑन डेस्कटॉप करा, म्हणजे विंडोज की आणि डी दाबल्यावरही ती जागेवर राहते. दिसायला देखणं आहे, पण हे सतत चालू असतं आणि स्किन दुसरे प्रोग्रामही चालवू शकतो, म्हणून कुठल्याही अनोळखी जागेवरून उचलू नका. स्टिकी नोट्सबद्दल सगळे विचारतात, त्या चांगल्या आहेत पण त्या खिडक्या आहेत, डेस्कटॉप दाखवायला गेलं की इतर खिडक्यांबरोबर त्याही लपतात, आणि आपल्याला नेमकं तेव्हाच हव्या असतात. मॅकवाल्यांना काहीच करायला नको, २०२३ च्या सोनोमापासून रिमाइंडर्सचं विजेट सरळ डेस्कटॉपवर ठेवता येतं आणि तिथेच खूणही करता येते. लिनक्सवर कॉन्की आहे, तेही फाइल वाचून दाखवतं.

यादीत काय लिहायचं

हे सेटिंगपेक्षा महत्त्वाचं वाटतं मला, कारण बॅकग्राउंडवर चाळीस ओळी आल्या की डोळा त्यांना चित्र समजून सोडून देतो. मी सातच्या वर जात नाही. आठवं आलं तर एक काढायचं किंवा दुसऱ्या फाइलमधे टाकायचं, जी डेस्कटॉपवर येत नाही. ओळ तारखेने सुरू करायची आणि क्रियापदाने संपवायची. "जीएसटी" असं नुसतं लिहिलं तर काय करायचं ते परत आठवावं लागतं, "११: सियागंज ३ पार्ट्यांचं जीएसटीआर-१ भरणे" असं लिहिलं की हात लगेच कामाला लागतो.

आणि समोर कोण बसतं त्याचा विचार करा. माझ्यासमोर व्यापारी बसतात, स्क्रीन त्यांनाही दिसते, म्हणून यादीत नावं नाहीत, रक्कम नाही, फक्त बाजार आणि आद्याक्षर. मीटिंगमधे स्क्रीन शेअर करता तेव्हाही पूर्ण डेस्कटॉप न दाखवता फक्त ती खिडकी शेअर करा.

माझी आत्या रामबागेत राहते, मसाले आणि चकलीची भाजणी घरूनच विकते, ऑर्डरी तिच्या जुन्या लॅपटॉपवरच्या एक्सेलमधे. दिवाळीआधी तिच्याकडे हेच लावून दिलं. तिला कंट्रोल ऑल्ट एल वगैरे नको होतं, म्हणाली, "मला एक बटण दे गं, दाबलं की झालं." म्हणून शॉर्टकटचा आयकॉन मोठा करून स्क्रीनच्या मधोमध ठेवला, त्याचं नाव "ताजं कर". फाइल उघडायच्या शॉर्टकटचं नाव "लिही". अक्षरं ३२ साइझची, चष्म्याशिवाय ओट्याजवळून दिसतात. भाजणी भाजता भाजता तिने मान वळवून वाचलं, "शनिवार: वहिनी, दोन किलो, पोचवणे," आणि कढई उतरवून मला म्हणाली, "अगं, शनिवार तर उद्याच!"

झालेल्या ओळी मी खोडत नाही, कापून त्याच फोल्डरमधल्या दुसऱ्या फाइलमधे नेते आणि पुढे तारीख टाकते, नोटपॅडमधे एफ५ दाबलं की तारीख-वेळ आपोआप येते. मार्चमधे कुणी विचारलं की माझं डिसेंबरचं कधी भरलं होतं, तर ती फाइल उघडून कंट्रोल एफ.